इंग्लंडात वाढलेल्या भाच्याने भारताकडून खेळावे का?

पत्र : आमचे घर वेंगुर्ले तालुक्यात आहे. आंबा-काजूची बाग सांभाळून मी गावातील मुलांचा फुटबॉल संघ चालवतो. माझा मुलगा सोळा वर्षांचा असून याच संघात आघाडीला खेळतो. माझी बहीण लग्नानंतर इंग्लंडला गेली आणि लेस्टरजवळ स्थायिक झाली. तिचा मुलगा तिथेच जन्मला, सतरा वर्षांचा आहे आणि एका लहान क्लबच्या अकादमीत शिकतो. त्याच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते ते) आहे. या मे महिन्यात तो आला तेव्हा त्याने सर्वांसमोर सांगितले की त्याला भारताकडून खेळायचे आहे. लेस्टरमध्ये घडलेला फुटबॉलपटू हमझा चौधरी बांगलादेशाकडून खेळतो, मग मी भारताकडून का नाही, असे तो विचारतो. माझा मुलगा ताडकन म्हणाला, "आम्ही इथे खडीवर पाय सोलून घ्यायचे आणि जर्सी मात्र तुम्ही विमानातून उतरून घालायची?" तेव्हापासून दोघे बोलत नाहीत, आणि बहीणही दुखावली आहे. परदेशात जन्मलेल्या मुलांनी भारताकडून खेळणे योग्य आहे का, आणि भाच्याला पासपोर्ट सोडायला सांगावे का, हे मला ठरवता येत नाही.
– एक मामा, सिंधुदुर्ग

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळ्या दिशांना जातात. परदेशात जन्मलेल्या मुलाने भारताकडून खेळावे का, याचे माझे उत्तर निःसंशय 'हो' असे आहे. आपल्या भाच्याने त्यासाठी आज ब्रिटिश पासपोर्ट सोडावा का, याचे उत्तर तितक्याच ठामपणे 'नाही' असे आहे. ही दोन उत्तरे एकमेकांना छेद देत नाहीत, हे आपल्या घरातील दोन्ही मुलांना समजावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम जन्मस्थानाचा मुद्दा बाजूला काढू या, कारण आपल्या चिरंजीवांचा राग तिथे अडकलेला दिसतो. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना खेळलेल्या संघातील लाल सिंग यांचा जन्म क्वालालंपूरचा होता. रॉबिन सिंग त्रिनिदादमध्ये जन्मले, पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले आणि भारताकडून खेळले. त्यांनी सीमारेषेवर अडवलेल्या धावांच्या वेळी त्यांचे जन्मगाव कोणाच्या मनातही आले नसेल. आपल्याच किनाऱ्याकडे पाहिले, तर दापोली, खेड, चिपळूण या भागांतील कितीतरी कुटुंबांची मुले कुवेत, दुबई किंवा दोहा येथे जन्मली आहेत. आखाती देश जन्माच्या आधारे नागरिकत्व देत नाहीत. त्यामुळे आईवडील भारतीय नागरिक असतील आणि जन्माची नोंद भारतीय दूतावासात झाली असेल, तर ही मुले भारतीयच असतात आणि उद्या भारताकडून खेळायला त्यांना कोणतीही आडकाठी नसते. उलट गोव्यात पाहा. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज अमलामुळे तेथील अनेक कुटुंबांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते आणि पुष्कळ तरुण ते घेतात. सासष्टीतील एखाद्या गावात जन्मलेला, तिथल्याच मैदानावर वाढलेला मुलगा सज्ञान झाल्यावर स्वेच्छेने पोर्तुगीज नागरिक झाला, तर त्याचे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपते आणि त्याबरोबर भारतीय संघाचे दारही बंद होते. म्हणजे कुवेतमध्ये जन्मलेला खेळू शकतो आणि मडगावात जन्मलेला खेळू शकत नाही, अशी स्थिती आपल्या किनाऱ्यावर आजही आहे. प्रश्न जन्माचा नाही, नागरिकत्वाचा आहे.

आता हमझा चौधरीचे उदाहरण. भाच्याचा प्रश्न अगदी रास्त आहे, पण दोन देशांच्या कायद्यांतील फरक त्याला कोणी सांगितलेला दिसत नाही. बांगलादेश ब्रिटनसारख्या देशांबाबत दुहेरी नागरिकत्वाला वाव देतो. म्हणून लेस्टर सिटीबरोबर २०२१ चा एफए कप जिंकलेला, इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघातून खेळलेला हमझा आईच्या नात्याने बांगलादेशाचा पासपोर्ट घेऊ शकला आणि त्याला ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागला नाही. मार्च २०२५ मध्ये शिलाँग येथे तो बांगलादेशाकडून पहिला सामना खेळला तो भारताविरुद्धच, आणि तो सामना ०-० असा बरोबरीत सुटला. भारतात असे घडू शकत नाही. आपल्या राज्यघटनेचे कलम ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेणाऱ्याला भारतीय नागरिक मानत नाहीत. २००५ च्या दुरुस्तीनंतर विस्तारलेली ओसीआय ही सोय नावाने नागरिकत्वासारखी वाटत असली, तरी तशी नाही. या कार्डावर आपला भाचा आयुष्यभर व्हिसाशिवाय वेंगुर्ल्याला येऊ शकेल, पण त्याला मतदान करता येणार नाही, आणि आपल्या शेजारची काजूची बाग विकायला निघाली तर ती शेतजमीन असल्यामुळे विकतही घेता येणार नाही. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांनुसार राष्ट्रीय संघातून खेळण्यासाठी त्या देशाचे नागरिकत्व लागते. ओसीआय कार्ड तिथे उपयोगाचे नाही. भारत सरकारनेही २००८ साली स्पष्ट केले की भारतीय पासपोर्ट असलेल्यांनाच देशाचे प्रतिनिधित्व करता येईल. त्याआधी टेनिसमध्ये परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे खेळाडू देशाकडून खेळत असत. ते त्यानंतर थांबले.

फुटबॉलसाठी ही अट शिथिल करावी, अशी मागणी अनेक वर्षे होते आहे. इगोर स्टिमॅक राष्ट्रीय प्रशिक्षक असताना त्यांनी ती वारंवार आणि उघडपणे केली. २०२५ साली जे घडले, त्यानंतर या मागणीला मोठे बळ मिळाले. २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत जूनमध्ये हाँगकाँगने आपल्याला १-० असे हरवले; तो गोल पेनल्टीवर करणारा स्टेफान परेरा हा मूळचा ब्राझीलचा. ऑक्टोबरमध्ये गोव्यातील फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर, म्हणजे आपल्या गावापासून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचावे इतक्या अंतरावर, आपल्या छांगटेने आघाडी मिळवून दिल्यानंतर सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरवले आणि आपली वाट तिथेच संपली. सिंगापूरचे दोन्ही गोल सोंग उई-यंग याने केले, आणि तो दक्षिण कोरियात जन्मून सिंगापूरचा नागरिक झालेला खेळाडू आहे. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशाने १-० असा विजय मिळवला आणि हमझा त्या संघात होता. गटातील तिन्ही प्रतिस्पर्ध्यांकडे बाहेर जन्मलेले खेळाडू होते आणि तिघांनीही आपल्याला हरवले, हे पाहिल्यावर आपणही तेच करावे असे वाटणे स्वाभाविक आहे.

तरीही ही अट राहावी, असे माझे मत आहे, आणि ते मी विचारपूर्वक मांडतो. राष्ट्रीय संघ ही नागरिकांनी नागरिकांमधून निवडलेली गोष्ट आहे. आपल्या चिरंजीवांना दुसरा कोणताही देश निवडता येत नाही. भारतीय संघात जागा मिळाली नाही तर त्यांना पर्याय नाही. ज्याच्या हाती दोन पर्याय आहेत त्याने त्यांतील एक सोडून यावे आणि मग एकाच रांगेत उभे राहावे, यात मला अन्याय दिसत नाही. जो असा येईल त्याला मात्र दुय्यम समजण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या दिवशी त्याच्या हातात भारतीय पासपोर्ट पडला, त्या दिवसापासून तो खडीवर खेळणाऱ्या मुलाइतकाच भारतीय आहे, आणि त्याच्या उच्चारावरून किंवा त्याला मालवणी येते की नाही यावरून त्याचे मोजमाप करणे क्षुद्रपणाचे ठरेल.

असे येणारे लोक आहेत, हेही आपल्या घरात सांगा. जपानी आई आणि गुजराती वडील असलेला इझुमी अराता २००६ मध्ये भारतात आला, कोलकात्यात, मुंबईत आणि पुण्यात क्लब फुटबॉल खेळला, २०१२ मध्ये त्याने जपानी नागरिकत्व सोडून भारतीय नागरिकत्व घेतले आणि २०१३ पासून तो भारताकडून खेळला. ऑस्ट्रेलियातील पर्थचा रायन विल्यम्स २०२३ पासून बंगळुरू एफसीकडे आहे. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली. त्याने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन नागरिकत्व सोडले आणि भारतीय पासपोर्ट घेतला. या दोघांच्या वाटचालीतील एक साम्य भाच्याने नीट लक्षात घ्यावे. अराता तेव्हा तिशीला पोहोचला होता, विल्यम्स बत्तीस वर्षांचा होता. दोघेही आधी व्यावसायिक खेळाडू झाले, भारतात येऊन राहिले, इथल्या उन्हात आणि इथल्या मैदानांवर अनेक हंगाम खेळले, आणि मग त्यांनी निर्णय घेतला. परदेशात बसून, अकादमीतील सतराव्या वर्षी, हा निर्णय त्यांनी घेतला नव्हता.

म्हणून भाच्याच्या पासपोर्टविषयी. भावनेच्या भरात ब्रिटिश नागरिकत्व सोडले, तर त्याचा पहिला फटका त्याच्या खेळालाच बसेल. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडमध्ये परदेशी व्यावसायिक खेळाडूला परवानगी देताना गुणांची पद्धत वापरतात, आणि त्या गुणांमध्ये खेळाडूच्या राष्ट्रीय संघाच्या जागतिक क्रमवारीला फार वजन असते. भारत २०२५ च्या अखेरीस १४० च्या पलीकडे घसरला होता. अशा देशाचा पासपोर्ट घेऊन इंग्लिश क्लबमध्ये करार मिळवणे भल्याभल्यांना जमणार नाही. मग अजून पहिला करारही न झालेल्या मुलाचे काय? ज्या अकादमीत तो आज घडतो आहे, तिचाच दरवाजा तो आपल्या हाताने लावून घेईल. ब्रिटिश कायद्यात अशा व्यक्तीला एकदा नागरिकत्व परत मिळवण्याची तरतूद आहे, पण ते परत घेताच भारतीय नागरिकत्व जाईल. तेव्हा तिच्या भरवशावर उडी घेणे शहाणपणाचे नाही.

दुसरी अडचण भारतीय कायद्यातली आहे. सज्ञान ओसीआय कार्डधारकाला भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करायचा असेल, तर कार्डाची नोंदणी होऊन पाच वर्षे झालेली असावी लागतात आणि अर्जापूर्वीचे बारा महिने त्याचे वास्तव्य भारतात असावे लागते. म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय हा मार्ग त्याच्यासाठी उघडतच नाही, आणि उघडल्यावरही त्याला एक पूर्ण वर्ष इथे राहावे लागेल. त्या वर्षभरात तो कोणत्या क्लबकडून खेळणार? खरी गाठ इथे आहे. भारतीय नागरिकत्व मिळेपर्यंत भारतीय क्लबच्या दृष्टीने तो परदेशी खेळाडूच असतो, आणि परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागा क्लब स्पेन किंवा ब्राझीलच्या अनुभवी खेळाडूंसाठी राखतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या, नाव नसलेल्या मुलाला त्यातील एक जागा कोण देईल? विल्यम्ससारखा तयार खेळाडू ती जागा स्वतःच्या बळावर मिळवतो. होतकरू मुलाला ती मिळत नाही.

भारतीय फुटबॉल महासंघाला खरोखर परदेशातील भारतीय वंशाच्या मुलांसाठी काही करायचे असेल, तर राज्यघटनेला हात लावण्याची गरज नाही. नागरिकत्वाची लेखी तयारी दाखवणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला त्या वास्तव्याच्या काळात क्लबमध्ये परदेशी न मोजण्याची सवलत द्यावी, आणि त्याचा अर्ज वेळेत निकाली निघेल अशी व्यवस्था गृह मंत्रालयाशी बोलून करावी. इंडोनेशियाचा कायदाही प्रौढांना दुहेरी नागरिकत्व देत नाही; तरी त्या देशाने हॉलंडमध्ये वाढलेल्या कितीतरी खेळाडूंना सरकार आणि संसदेच्या मदतीने रीतसर नागरिक करून घेतले, आणि त्यांचा संघ २०२६ च्या विश्वचषकाच्या आशियाई पात्रता स्पर्धेच्या चौथ्या फेरीपर्यंत पोहोचला. तिथे मात्र तो सौदी अरेबिया आणि इराककडून हरला. हाच मार्ग घाईने आणि लबाडीने धरला तर काय होते, तेही शेजारी दिसले: सप्टेंबर २०२५ मध्ये फिफाने मलेशियाच्या सात परदेशी जन्माच्या खेळाडूंवर आजीआजोबांच्या जन्माची बनावट कागदपत्रे दाखवल्याबद्दल बारा महिन्यांची बंदी घातली आणि तेथील महासंघाला दंड केला.

आता आपल्या चिरंजीवांविषयी, कारण त्यांचे बोलणे उद्धट वाटले तरी त्यामागील दुःख खरे आहे, आणि ते आपण ऐकून घेतले पाहिजे. २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत गेलेल्या मोरोक्कोच्या २६ खेळाडूंपैकी १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते, हे सगळीकडे सांगितले जाते. त्याच संघातील एन-नेसिरी, अगेर्द आणि उनाही हे मात्र मोरोक्कोतच राजाच्या नावाने उभारलेल्या अकादमीत तयार झाले, हे फारसे सांगितले जात नाही. बाहेरचे आले म्हणून घरच्यांची जागा गेली असे तिथे झाले नाही, कारण घरच्यांसाठी मैदान, प्रशिक्षक आणि सामने उभे केले गेले होते. आपल्याकडे २०२५ मध्ये देशाची सर्वोच्च लीगच महिनोन् महिने सुरू होऊ शकली नाही, लीग चालवण्याचा करार कोणाशी करायचा याचा निकाल लागेना म्हणून. आपल्या क्लबांमध्ये आघाडीची मधली जागा बहुतेक वेळा परदेशी खेळाडूकडे असते, आणि म्हणूनच सुनील छेत्रीने जून २०२४ मध्ये निवृत्ती घेतल्यावर त्याच्या तोडीचा आघाडीपटू मिळाला नाही आणि मार्च २०२५ मध्ये त्यालाच परत बोलवावे लागले. आपला मुलगा आघाडीला खेळतो. त्याच्या वाटेत उभी असलेली अडचण ही आहे. लेस्टरचा आतेभाऊ त्याच्या वाटेत कुठेही नाही.

हे मी त्याचे सांत्वन म्हणून लिहीत नाही. सोळाव्या वर्षी त्याला हवे आहेत ते सामने, बरोबरीच्या आणि आपल्यापेक्षा चांगल्या मुलांविरुद्धचे, आणि तेही वर्षभर. पावसाळ्याचे चार महिने मैदान पाण्याखाली आणि उरलेल्या काळात टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे मंडप, या स्थितीत आपण एकट्याने किती सामने मिळवून देणार? आपल्याला मात्र एक सोय आहे जी रत्नागिरी-रायगडच्या मुलांना नाही: तेरेखोलच्या पलीकडे गोवा आहे. तिथे वयोगटांच्या लीग स्पर्धा अनेक वर्षे चालू आहेत आणि साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स या क्लबांची नावे तेथील मुलांना घरच्यासारखी आहेत. तेथील एखाद्या क्लबच्या निवड चाचणीला त्याला पाठवा, आणि राज्य बदलून नोंदणी करताना लागणारी कागदपत्रे आधी विचारून घ्या. ते जमले नाही, तर घाटावर कोल्हापूर आहे. तालमींच्या संघांचे सामने तिथे शाहू स्टेडियमवर भरगच्च गर्दीत होतात, आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला आहे. संधी मिळाल्यावर तो कमी पडला तर ते त्याला स्वतःला समजेल, आणि ते समजणे आजच्या रागापेक्षा कितीतरी बरे.

दोघांनाही एक गोष्ट आपण मामा आणि वडील म्हणून स्पष्ट सांगावी: भारताच्या संघातील जागा आज या दोघांपैकी कोणाचीही नाही. जी वस्तू अजून घरात आलेलीच नाही, तिच्या वाटणीवरून आते-मामेभावांनी अबोला धरावा, हे मला फार वाईट वाटले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसोझा गोमंतकीय वंशाचा होता, तेव्हा गोवा भारतात नव्हता, आणि तो खेळत होता मुंबईत. त्या संघाने चौथे स्थान मिळवले. आज त्या उंचीवर परत जायचे असेल तर वेंगुर्ल्याची आणि लेस्टरची, दोन्हीकडची मुले लागतील.

बहिणीला फोन आपणच करा, मुलांवर सोडू नका. तिला सांगा की तिच्या मुलाची इच्छा घरात कोणालाही खटकलेली नाही, आणि भाचा आला होता तेव्हा आपण सर्वांनी त्याला उत्तर द्यायला हवे होते ते कोणी दिले नाही, म्हणून बोलणे भलतीकडे गेले. त्याच फोनमध्ये तिच्याकडून दोन गोष्टी विचारून घ्या. ओसीआय कार्डावर नोंदणीची तारीख कोणती आहे, म्हणजे पाच वर्षे केव्हा पूर्ण होतात ते कळेल. आणि आपल्या आईवडिलांचे, तसेच तिचे स्वतःचे, भारतातील जन्मदाखले कोणाकडे आहेत. कारण फिफाकडे आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कोणाचा तरी जन्म इथला असल्याचे दाखवावे लागते. ते दाखले वेंगुर्ल्यातच मिळवावे लागणार असतील, तर आता काढून ठेवा. त्यापलीकडे पहिला व्यावसायिक करार होईपर्यंत काहीही करू नये. करार झाल्यावर, वयाच्या विशीत, त्याची इच्छा आजच्याइतकीच प्रबळ असेल, तर त्याने एक हंगाम भारतात येऊन राहावे, नागरिकत्वाच्या वकिलाचा सल्ला घ्यावा आणि मग ठरवावे. तो भारताचा पासपोर्ट घेऊन आला, तर त्याला आपल्या संघाच्या मैदानावर सरावाला बोलवा, आणि आपल्या मुलालाही त्याच्याविरुद्ध उतरवा.